डाव्या कानातला हिवाळा

रायपूरला थंडी आली की ती सगळ्यात पहिले माझ्या डाव्या कानाला कळते. पेपरात तिची बातमी नंतर येते. बुढा तालाबाच्या रस्त्याला डोंगरातल्या बाया स्वेटरांचे ढीग मांडून बसतात, त्याही नंतरच येतात. माझ्या डाव्या कानाची वरची कड थोडी गेलेली आहे, चण्याच्या डाळीएवढी. एखाद्या संध्याकाळी त्या जागेवर कोणीतरी थंड बोट टेकवल्यासारखं होतं, अन् मग सगळा कान मुका होऊन जातो. मी समजून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली की तालाबावर धुकं असतं अन् पलीकडच्या काठाचे दिवे दुधात पडल्यासारखे दिसतात.

लोक म्हणतात, रायपुरात कुठली आली थंडी. बरोबर आहे. इथली थंडी पाहुणी आहे. दीड महिना राहते, उन्हात बसून पेरू खाते, निघून जाते. तेवढ्या दिवसांत खालच्या अंगणात गोरसी पेटते. गोरसी म्हणजे मातीची शेगडी, तिच्यात कोंडा अन् गोवऱ्या दिवसभर धुमसत राहतात. तो धूर जिन्यानं हळूहळू वर येतो, माझ्या खोलीत येऊन बसतो. मी डोळे मिटतो. धुराचं धुकं होतं, धुक्याचा बर्फ होतो, अन् मी परत तिथं असतो, जिथं चार हिवाळ्यांपूर्वी पाय रोवून उभा होतो. तालाबाकाठच्या बुढापारा मोहल्ल्यातला हा म्हातारा बारा हजार फुटांवर बर्फात चालला, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. कधीकधी मलाही वाटत नाही. मग मी कानाला हात लावून पाहतो.

मी आगीतला माणूस. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढची अक्षरं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून वाचून शिकलो, म्हणून माझ्या लिहिण्यात कुठं देवळाची भाषा येईल, कुठं मिलची. मधली मला येत नाही. रायपूरजवळ उरला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं सांडशी धरली. घरात दूध उतरवायची असते तसली सांडशी नाही, माणसाच्या उंचीची. रोलांच्या फटीतून तापलेली सळई जिवंत असल्यासारखी सळसळत बाहेर येते. तिचं तोंड सांडशीत पकडायचं, वळवायचं अन् परत दुसऱ्या फटीत घालायचं. लोखंड किती तापलं ते मला रंगावरून कळायचं. पिकल्या आंब्याच्या गराचा रंग असला की लोखंड ऐकतं. पळसाच्या फुलाचा झाला की हट्टी होतं, रोलात अडकतं. शिफ्ट लागायच्या आधी आम्ही सगळे हौदावर जायचो. गमछा पाण्यात बुडवायचा, अर्धा पिळायचा, कान झाकून डोक्याला अन् मानेला गुंडाळायचा. थोड्या वेळात तो कडक वाळायचा, की परत हौद. रिटायर झालो तरी कित्येक दिवस सकाळी उठल्यावर हात आपोआप बादलीकडे जायचे.

अशा कामात माणसाची मान वाकत नाही. माझी तर जन्मापासूनच वाकत नव्हती. मी कोणाला कधी धन्यवाद म्हटलं नाही. दिवाळीला मालक मिठाईचा डबा द्यायचा, बाकीचे हात जोडायचे, मी डबा काखेत मारून चालू पडायचो. मुनीम म्हणायचा, "थँक्यू बोलने में जीभ घिसती है क्या?" मी म्हणायचो, "घिसती है."

देवाचं मात्र वेगळं होतं. आमच्या घराण्यात आजोबांपासून येशूचं नाव आहे, अन् जेवणाआधीची उपकारस्तुती घरच्या मोठ्यानं करायची असते. ती मी करायचो. माझी बायको शालिनी हसायची. म्हणायची, "तुमची प्रार्थना म्हणजे मिलचा भोंगा. वाजला की संपला." तिची स्वतःची प्रार्थना इतकी लांब असायची की वरण थंड व्हायचं.

मग शालिनी गेली. चार दिवसांचा ताप काय तो, अन् पाचव्या दिवशी मी तिच्या पेटीच्या मागं चालत होतो. त्या दिवसापासून माझ्या तोंडून उपकारस्तुती निघाली नाही. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वर्षाच्या शेवटच्या रविवारी एक रिवाज आहे. पुढच्या बाकापासून एकेक जण उभा राहतो, ह्या वर्षात देवानं काय दिलं ते एका वाक्यात सांगतो अन् बसतो. कोणाला नातू मिळाला, कोणाची नोकरी पक्की झाली, कोणाला डोळ्यांनी परत दिसायला लागलं. त्या वर्षी माझी पाळी आली अन् मी बसून राहिलो. सगळी मंडळी थांबली. पाळकसाहेब चष्म्यावरून पाहत राहिले. शेवटी मागच्या बाकावरचा माणूस उठला. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. तिसऱ्या वर्षापासून लोक माझ्यासाठी थांबेनासे झाले. पण देऊळ मी सोडलं नाही. इस्त्रीचा सदरा घालून दर रविवारी त्याच बाकावर. कोणी असं समजू नये की विश्वास गेला. विश्वास होता म्हणूनच भांडण होतं. जो नाहीच, त्याच्याशी कोण भांडत बसेल.

माझी एकच मुलगी, एस्तेर. घरात एस्तू. दवाखान्यात नर्स आहे, तिथल्याच क्वार्टरात राहते, लग्न केलं नाही. शालिनीला जाऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा एस्तूच्या छातीत गाठ निघाली. जिनं जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचल्या ती आता स्वतः हात पुढं करून बसायला लागली. मी बाजूच्या स्टुलावर. त्या खोलीच्या भिंतीवर वर्ष उलटून गेलेलं एक कॅलेंडर होतं, कोणी काढलं नव्हतं. त्याच्यावर बर्फाचा डोंगर. बाटली थेंब थेंब उतरायची अन् ती त्या डोंगराकडं पाहत राहायची. मी पण पाहायचो. काही दिवसांनी मला वाटायला लागलं की त्या खोलीला तेवढी एकच खिडकी आहे.

एकदा ती म्हणाली, "बाबा, मैं ठीक हो गई तो वहाँ जाऊँगी. तिथं उभी राहून थँक्यू म्हणीन."

"काहून? इथून म्हटलं तर तेले ऐकू येत नाही का?"

"इथून तो सब बोलते हैं," ती म्हणाली अन् डोळे मिटून घेतले.

ती बरी झाली. डोक्यावर परत केस आले, पहिले मक्याच्या कणसाच्या केसांसारखे, मग दाट. त्या वर्षीच्या शेवटच्या रविवारी ती उभी राहिली, दोनच शब्द बोलली, अन् बायांनी पदर डोळ्याला लावले. मी तिच्या शेजारी बसलो होतो, समोरच्या बाकाचे खिळे पाहत. माझी बायको नेली, मग माझ्या पोरीवर हात टाकला, अन् तो हात काढून घेतला म्हणून मी उठून सलाम करायचा का? जी माझीच होती ती माझ्याकडं राहू दिली, त्याचे आभार कशाचे?

पुढं दोन वर्षांनी, पेरूच्याच दिवसांत, गच्चीवर उन्हात बसलो असताना तिनं विषय काढला.

"बाबा, चलो मेरे साथ."

"कुठं?"

"बर्फात. नाताळ झाला की. आठ जणांचा ग्रुप आहे, दोन गाइड आहेत."

"माहं वय माहीत आहे ना तुले?"

"सदुसष्ट. तुमचे सगळे रिपोर्ट दाखवले मी डॉक्टरला. मुझसे अच्छे हैं."

"मी तिथं येऊन काय करू?"

"कुछ मत करो. मी बोलीन, तुम्ही फक्त बाजूला उभे राहा." मग पेरूची फोड हातात फिरवत म्हणाली, "तुमच्याशिवाय बोलली तर ते आधंच होईल."

उभे राहा, म्हणाली. ती कुठल्या उभं राहण्याबद्दल बोलून राहिली होती ते मला कळत होतं. जिद्दीत ती माझीच पोरगी आहे. मी म्हटलं, येतो, पण बर्फ पाहाले येतो, दुसरं काही म्हणू नको. भट्टीसमोर उभा राहिलेला बाप गोरसीपाशी शेकत बसतो अन् पोट्टी एकटी बर्फात जाते, हे मला पटण्यासारखं नव्हतं. खरं सांगू तर तिला नजरेआड होऊ द्यायची हिंमत माझ्यात राहिली नव्हती.

त्या प्रवासातलं मला सलग काही आठवत नाही. गाडी आठवते, खिडकीतून शिरणारं धुकं आठवतं. जीप दिवसभर वळणं घेत राहिली, खाली नदी हिरव्या काचेसारखी, वर देवदाराची काळी झाडं. मग एका वळणानंतर सगळं पांढरं. मला तोपर्यंत पांढऱ्याचा एकच अर्थ माहीत होता. मिलमध्ये पांढरं म्हणजे सगळ्यात तापलेलं, भट्टीच्या अगदी आतला रंग, ज्याच्याकडं डोळे फाडून पाहायचं नसतं. जीपमधून उतरून मी बर्फाला हात लावायला वाकलो, तर हात आपोआप मागं ओढला गेला. एस्तू हसायला लागली.

"बाबा, जळत नाही ते."

"मालूम है," मी म्हटलं. पण मालूम नव्हतं. दुसऱ्यांदा हात लावला तेव्हा कळलं.

आमच्या मोठ्या गाइडचं नाव बलबीर. पस्तिशीचा असेल, गाल उन्हानं करपलेले, बोलणं मोजकं. त्यानं पहिल्याच दिवशी मला सगळ्यांच्या पुढं उभं केलं.

मी म्हटलं, "मैं बुड्ढा आदमी, जवानों का रस्ता अडेगा."

"इसीलिए आगे, बाऊजी. सब आपकी चाल से चलेंगे तो कोई बीमार नहीं पड़ेगा."

मला ते आवडलं नाही. चौतीस वर्षांत मिलमध्ये कोणाला माझ्यासाठी हळू चालावं लागलं नव्हतं. पण चालायला लागलो अन् राग कुठं गेला कळलं नाही. एक पाऊल, एक श्वास. दुसरं पाऊल, दुसरा श्वास. बूट बर्फात शिरताना कोरडा आवाज व्हायचा, पोह्यांवरून पाय पडल्यासारखा. तेवढाच काय तो आवाज. दोन दिवस आम्ही असेच चाललो. झाडं मागं पडली, पक्षी मागं पडले. मला कधी वाटायचं मी झोपेत चालतोय अन् हे सगळं त्या कॅलेंडरच्या आत आहे, बाहेर कोणीतरी स्टुलावर बसून आम्हाला पाहत असेल.

त्या शांततेत मला मिलचा आवाज आठवायचा. मिलमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्यात एक हाळी होती. रोलच्या अलीकडं एक माणूस, पलीकडं एक. अलीकडचा सळई फटीत घालतो अन् तिची शेपटी सांडशीत धरून ठेवतो. पलीकडच्याच्या सांडशीत तोंड आलं की त्यानं ओरडायचं, "मिला." ते ऐकल्याशिवाय अलीकडच्यानं पकड सोडायची नाही. मध्ये लोखंड, धूर, ठिणग्या. एकमेकांचं तोंड दिसत नाही. तुझ्या हातून निघालेलं माझ्या हातात पोचलं, आता तू मोकळा, एवढंच त्या हाळीत असायचं. नवा माणूस कधी ओरडायचं विसरला तर अलीकडचा बिचारा आगीजवळ हात भाजत उभा राहायचा अन् मग आईबहिणीवर यायचा.

संध्याकाळी तंबूत सगळे वाटी घेऊन बसायचे. एस्तू अर्धी मराठी, अर्धी हिंदी अशी उपकारस्तुती करायची अन् ग्रुपमधली जवान पोरं, ज्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं, तीही चमचा खाली ठेवून थांबायची. मी डोळे उघडे ठेवायचो. कापडावर कंदिलाचा पिवळा डाग हलायचा. मी मनात म्हणायचो, प्रभू, तू सुताराच्या घरचा. तुझ्या हाताला घट्टे असतील. तुला तरी कळायला पाहिजे की माणूस उगीच काम थांबवून बसत नाही, त्याचं काही म्हणणं असतं. एस्तूचं आमेन व्हायचं अन् सगळे खिचडी खायला लागायचे.

तिसऱ्या दिवशी टोक गाठायचं होतं. उजाडताच निघालो. ऊन निघालं तशी बर्फातून अशी चमक उठली की काळ्या चष्म्याच्या आतही डोळे बारीक झाले. चढ उभा होता. दोन स्वेटर, वरून भाड्याचं जाकीट, अन् त्यात मला घाम. छाती भात्यासारखी चालायला लागली, तोंडावर गरम वाफ यायला लागली. अन् मग काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. वाटेत एका ठिकाणी बर्फाखालून पाणी वाहत होतं, बाकीचे तिथं बाटल्या भरत होते. मी गमछा काढला, पाण्यात बुडवला, अर्धा पिळला, कान झाकून गुंडाळला अन् वरून टोपी चढवली. कोणी पाहिलं नाही. मी स्वतःही पाहिलं नाही म्हणा ना, हातांनीच केलं. इतकं बरं वाटलं. वाटलं, शिफ्ट लागली.

पुढं डोंगराची धार आली. दोन्ही बाजूंना खोल, अन् वारा. गमछा पहिले थंड झाला, मग कडक झाला, मग डोक्याला पत्रा बांधल्यासारखा झाला. डाव्या बाजूनं वारा होता. कान भयंकर दुखला अन् थोड्या वेळानं दुखायचा थांबला. मी म्हटलं, चला, सुटलो. सांगितलं कोणाला नाही. काय सांगणार, थंडी वाजते म्हणून?

टोक दिसायला लागलं होतं. दगडांचा ढीग, त्याच्यात रोवलेल्या काठीला लाल कापड. अर्ध्या तासाची वाट राहिली असेल. बलबीर माझ्या डाव्या हाताला येऊन काहीतरी बोलला अन् मला ऐकू आलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, टोपी वर केली, गमछ्यावर बोट वाजवलं.

"ये गीला किसने बाँधा?"

"मैंने."

"बर्फ में गीला कपड़ा? क्यों, बाऊजी?"

"आदत है."

"कान में दर्द कब बंद हुआ?"

"वो मोड़ से."

"और बोले नहीं."

एस्तू मागून आली. तिनं हातमोजा काढून माझ्या कानाला बोट लावलं असावं.

"बाबा, समजते का?"

"काय समजते?"

ती काही बोलली नाही. नर्सचं ते गप्प राहणं मला माहीत होतं. दवाखान्यात त्या सगळ्या असंच गप्प राहतात. बलबीरनं मला एका दगडाच्या आडोशाला बसवलं. म्हणाला, अंगाला लावून कान गरम करतो, मग बाऊजींना खाली न्यावं लागेल, दीदी पाहिजे तर दुसऱ्या गाइडबरोबर वर जाऊन येऊ दे. एस्तूनं पाठीवरची पिशवी खाली टाकली.

"मी खाली येते."

"तू वर जा," मी म्हटलं.

"तुमच्याशिवाय नाही म्हटलं होतं मी."

"एस्तू, तू नाही गेली तर मी इथून उठत नाही. पडू दे कान."

"ये कौन सी जिद है? कान माझा आहे का?"

"कान माहा आहे. डोंगर तुहा आहे. जा."

ती माझ्याकडं पाहत राहिली. "हमेशा. हमेशा आपकी ही चलनी चाहिए," म्हणाली, बाहीनं नाक पुसलं अन् चालायला लागली. मागं वळून पाहिलं नाही.

मी तिथं बसलो. तिनं माझ्याकडं जन्मात एकच गोष्ट मागितली होती, बाजूला उभं राहणं. मी तीही दिली नाही. एवढ्या लांब येऊन अर्ध्या तासावर दिली नाही.

बलबीर म्हणाला, रगडायचं नाही. त्यानं आपल्या जाकिटाची चेन उघडली, स्वेटर वर केला अन् माझं डोकं धरून कान आपल्या उघड्या छातीला लावला. वरून जाकीट ओढून घेतलं. त्याला काय वाटलं असेल, बर्फाचा गोळा छातीला लावल्यासारखं. तो नुसता एकदा शहारला. लोकरीचा, घामाचा, धुराचा वास. पहिले काहीच ऐकू येईना. मग खूप लांबून, जमिनीच्या खालून आल्यासारखं, धक, धक. त्याचं काळीज. एका माणसाच्या छातीच्या आत इतका आवाज असतो, हे मला सदुसष्ट वर्षांत माहीत नव्हतं. शालिनीच्या छातीवरही मी कधी असा कान ठेवला नव्हता. ठेवायला पाहिजे होता.

एका डोळ्यानं मला उतार दिसत होता. पांढऱ्यावर एक लाल ठिपका, एस्तूचं जाकीट, हळू हळू वर सरकत होतं. थांबायचं, सरकायचं. ती स्वतःच्या पायांवर चालत होती. जिला दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरापर्यंत धरून न्यायचो, ती. मला वाटलं मी तिला पाहतोय अन् माझ्या मागून अजून कोणी पाहतंय. अन् मला काय सुचावं, मिल सुचली. मला वाटलं, मी समजत होतो आभार म्हणजे मालकासमोर वाकणं. शालिनी पस्तीस वर्षं माझ्या हाती होती. एस्तू दोनदा माझ्या हाती आली, एकदा जन्मली तेव्हा अन् एकदा त्या खोलीतून. हा परका माणूस आत्ता मला छातीला धरून आहे. सगळं माझ्या सांडशीत आलं होतं, अन् मी सहा वर्षं हाळी दिली नव्हती. मग पलीकडं जो आहे तो अजून धरून उभा असेल का, हात भाजत?

मी म्हटलं, "मिला."

"क्या मिला, बाऊजी?"

"कुछ नहीं. तू कान पकड."

"पकड़ा हुआ है."

मग मी त्याच्या जाकिटातून डोकं काढलं अन् उभा राहिलो. तो खाली ओढत होता, तरी उभा राहिलो. बर्फ मांडीपर्यंत. तोंड वर केलं अन् मिलमध्ये द्यायचो तशी हाळी दिली, बेंबीच्या देठापासून, लांब. ती समोरच्या कड्यावर आपटली, परत आली, दुसरीकडं गेली. मग सगळं शांत झालं. मी चुपचाप परत बलबीरच्या छातीला कान लावून बसलो. माझ्यातलं एवढं मोठं काहीतरी मोकळं झालं होतं की मला झोप यायला लागली. बलबीर म्हणाला, सोना नहीं.

एस्तू उतरून आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. ती माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली.

"बाबा, मैं कुछ बोल ही नहीं पाई. वर उभी राहिली, तोंड उघडलं, शब्दच नाही. इतकी गुस्सा होती मैं, तुमच्यावर, सगळ्यांवर. अन् मग आवाज आला."

"कसला आवाज?"

"पता नहीं. सब तरफ से. कोणीतरी मोठ्यानं हाक मारल्यासारखा. मी नुसती उभी राहून रडली. थँक्यू बोलायचंच राहून गेलं, और लगा कि हो गया."

बलबीरनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

"तुम्हाला नाही आला ऐकू?"

"माहा कान कुठं जागेवर होता," मी म्हटलं. "वारा असन."

"वारा नव्हता," ती म्हणाली.

तेव्हा का नाही सांगितलं? तेव्हा लाज वाटली. ज्याची जीभ झिजते तो माणूस डोंगरावर उभा राहून ओरडला, हे पोरीला कसं सांगायचं. खाली उतरलो, कान सुजला, काळा पडला, रायपूरला आल्यावर महिनाभरानं त्याची कड चण्याच्या सालासारखी गळून पडली. अन् पुढच्या शेवटच्या रविवारी एस्तू देवळात उभी राहिली अन् म्हणाली की मी देवाशी बोलायच्या आधीच तो माझ्याशी बोलला. मंडळी आमेन म्हणाली. मी तिच्या शेजारी बसून होतो. आता तर तोंड उघडणं अजून कठीण झालं. अन् मी उभा तरी काहून राहू? माझी हाळी देऊन झाली होती. एकदा दिल्यावर दुसऱ्यांदा देत नाहीत. पण हे एस्तूला कुठं माहीत. ती दर वर्षी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं पाहते, अन् मग नजर खाली करते.

ह्या हिवाळ्यात मात्र ती म्हणते, परत जाते. एकटी. परवा पेरू घेऊन आली तेव्हा म्हणाली, "एक बार और सुनना है वो आवाज़, बाबा. मग काही नको." दर सहा महिन्यांच्या तपासण्या अजून चालूच आहेत तिच्या. त्या कागदांची वाट पाहताना तो आवाज आठवला की तिला झोप लागते, असं म्हणाली. तेव्हापासून माझं जेवण जात नाही. ती तिथं जाईल, त्या दगडांच्या ढिगापाशी उभी राहील, वाट पाहील, अन् नुसता वारा येईल. मी इथं असेन, गोरसीच्या धुरात.

सांगितलं तर मी तिचा देवाचा आवाज काढून घेतो. तिच्या हाती काय देतो? चौथी पास म्हाताऱ्याची मिलमधली हाळी. रात्रंदिवस हेच उलटून पालटून पाहतोय. एकदा वाटतं, देव काय स्वतःच्या गळ्यानं बोलतो का, कोणाचा तरी गळा घेतच असेल, त्या दिवशी माझा जवळ होता. एकदा वाटतं, हा माझाच घमेंडीपणा आहे. पाळकसाहेबांना विचारू शकतो, पण विचारणार नाही. एवढं मात्र कळतं की ती ज्यासाठी मला घेऊन गेली ते झालं होतं. मी तिच्या बाजूला नव्हतो, अर्धा तास खाली होतो. पण उभा होतो. हे तिचं आहे अन् चार वर्षं मी माझ्याजवळ दाबून ठेवलं आहे.

म्हणून लिहायला घेतलं. वाटलं, तिच्या हातात कागद देईन अन् बाहेर फिरायला निघून जाईन. लिहून झाल्यावर ध्यानात आलं की एस्तूला मराठी समजते, पण वाचायला ती अक्षर अक्षर जोडत बसते. हिंदी शाळेत मीच टाकलं होतं. तेव्हा हे मलाच वाचून दाखवावं लागणार, मोठ्यानं, तिच्या तोंडासमोर बसून.

ती रविवारी देवळानंतर जेवायला येते. आज शुक्रवार. सकाळपासून दार लावून मोठ्यानं वाचायची सवय करून राहिलो. ती हाळी दिली तिथपर्यंत आवाज बरा चालतो, पुढं घसा बसतो, मग परत पहिल्यापासून. आत्ता खालची भाडेकरू बहू जिन्यावरून विचारत होती, "काका, अकेले में किससे बात कर रहे हो?"

मी म्हटलं, "अभी किसी से नहीं. इतवार को करूँगा."